लाडू विका, पण खरा आकडा लिहून

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी दवाखाना आवरण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात बचत गटाच्या तिघी जणी आल्या. तिघींपैकी आजारी कोणीच नव्हते. एकीच्या हातात स्टीलचा डबा, दुसरीच्या हातात छापखान्यातून आणलेला लेबलचा नमुना. डबा माझ्यापुढे उघडून ठेवत त्यांच्यातली बोलकी बाई म्हणाली, "डॉक्टर, आधी खाऊन बघा, मग बोलू."

नाचणीचे लाडू होते. खमंग भाजलेले पीठ, घरचे तूप, गूळ, खजूर आणि वेलदोड्याची पूड. चव उत्तम. बाईंचे माहेर अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या बाजूचे, त्यामुळे नाचणीचा हात लहानपणापासून बसलेला. सासर इकडे श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात. मी दुसरा लाडू उचलणार तोच लेबलवर नजर गेली. त्यावर लिहिले होते, "शुगर फ्री नाचणी लाडू. मधुमेहींसाठी वरदान. साखरेची चिंता सोडा, पोटभर खा." खाली थोडी जागा मोकळी ठेवली होती. ती माझ्या नावासाठी! 'डॉक्टरांनी शिफारस केलेले' एवढे छापण्याची परवानगी हवी होती.

मी नाव दिले नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे डॉक्टरने कोणत्याही विक्रीच्या मालाची शिफारस करायची नसते, हे त्यांना सांगितले. पण खरे कारण वेगळेच होते आणि ते त्या तिसऱ्या, गप्प बसलेल्या बाईंच्या बोलण्यातून बाहेर आले. त्यांची सासू माझी जुनी पेशंट. दोन महिने त्या आजींची साखर वाढत चालली होती. गोळ्यांचा डोस वाढवून झाला, पथ्य विचारून झाले, कारण सापडत नव्हते. ती बाई हळूच म्हणाली, "आमच्या आत्या रोज हेच लाडू खातात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. औषधाचे म्हणून. भाकरीसुद्धा अर्धीच केलीय त्यांनी."

मी कागद-पेन घेतले आणि चौघांनी मिळून हिशोब मांडला.

चार लाडवांचा हिशोब

एक लाडू भरला ३५ ग्रॅमचा. त्यात साधारण १४ ग्रॅम नाचणीचे पीठ, ८ ग्रॅम गूळ, ५ ग्रॅम खजूर आणि बाकी तूप. आता आपल्याला मोजायची आहेत ती कर्बोदके. म्हणजे अन्नातला पिठाचा आणि साखरेचा भाग. हाच भाग पचून रक्तात ग्लुकोज म्हणून उतरतो, आणि मधुमेही माणसाचे सगळे गणित त्याच्याभोवती फिरते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदके ६७ ते ७२ ग्रॅम. गुळात ८५ ते ९५. खजुरात ७५ च्या आसपास. बेरीज केली तर एका लाडवात जवळजवळ २० ग्रॅम कर्बोदके निघाली. चार लाडवांत ८० ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर ५ ग्रॅमची धरली तर १६ चमचे साखरेइतकी!

आजींनी अर्धी भाकरी कमी केली होती, त्यात वाचली फार तर २० ग्रॅम. म्हणजे एका हाताने २० वाचवून दुसऱ्या हाताने ८० घातली. तिघीही कागदाकडे बघत राहिल्या. बोलक्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी फसवायचे म्हणून काही केले नव्हते. त्यांच्या समजुतीप्रमाणे 'साखर' म्हणजे डब्यातली पांढरी साखर, आणि ती त्यांनी खरोखरच घातली नव्हती.

वाचकहो, या समजुतीचा दोष त्या बायकांवर ढकलून मोकळे होता येत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतः पेशंटना सांगत असे की साखर बंद करा, अगदीच गोड लागले तर गुळाचा खडा चालेल. अनेक डॉक्टर तसेच सांगत. गुळात थोडे लोह आहे, थोडे क्षार आहेत, हे खरे. पण मधुमेहाच्या दृष्टीने गूळ आणि साखर ही सख्खी भावंडे आहेत. खजूर चुलतभाऊ. त्या वेळी मी दिलेला सल्ला आज कुणाच्या तरी लेबलवर छापला जातो आहे, असे मला त्या दुपारी वाटले. म्हणून आजचा हा लेख.

नाचणी चांगली, पण कशासाठी?

२०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नाचणी, वरई, राळा यांना चांगले दिवस आले. फार चांगले झाले. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. गहू-तांदूळ त्याच्या जवळपासही जात नाहीत. तंतू, म्हणजे चोथाही भरपूर. वाढत्या मुलांना, बाळंतिणीला, हाडे ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्यांना नाचणी द्यावीच.

पण नाचणी हे शेवटी धान्य आहे. बाजरी, ज्वारी, गहू यांच्याइतकीच कर्बोदके तिच्यात आहेत. बारीक दळून, भाजून, वर गूळ घातलेली नाचणी 'कमी कर्बोदकांची' होत नाही. हेच बेसनाचे. बेसनाच्या १०० ग्रॅममध्ये ६० च्या आसपास. राजगिऱ्यात तेवढीच. रव्यात ७५. आणि उपासाला चालतो म्हणून आपण ज्याला हलका समजतो तो साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट! त्यामुळे शहरातल्या दुकानात बिनसाखरेची बेसन बर्फी मिळाली तरी तिच्यातले बेसन जागच्या जागीच असते, हे लक्षात ठेवावे.

मग कमी कर्बोदकांचे आपल्याकडे काय आहे? पुष्कळ आहे, आणि परदेशातून काही आणावे लागत नाही. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे, सुके खोबरे, बदाम, भोपळ्याच्या बिया. यांच्या १०० ग्रॅममध्ये कर्बोदके साधारण १० ते ३० ग्रॅम, आणि त्यातलाही बराचसा भाग न पचणाऱ्या तंतूंचा. जवसात तर जवळपास सगळाच. आपल्या आजीच्या फडताळातल्या तीन-चार डब्यांतच हा सगळा उद्योग होता. आपण त्यात निम्मा गूळ ओतत गेलो.

साखरेच्या जिल्ह्यात हा धंदा?

कुणी म्हणेल, ज्या जिल्ह्याचे पोट उसावर चालते तिथे साखर कमी करायच्या गोष्टी कशाला? आपल्या नगर जिल्ह्याची, २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याची, ओळखच साखरेशी बांधलेली आहे. प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या गळीत हंगामात सुरू झाला आणि त्यातून गावोगाव शाळा, रस्ते, दवाखाने आले. मी स्वतः त्या पैशावर शिकलेल्या पिढीतला आहे. उसाचे उपकार विसरायचे कारण नाही.

पण शेतात काय पिकवायचे आणि ताटात किती घ्यायचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पूर्वी हा 'शेठजींचा आजार' म्हणत. आता माझ्या बाकावर ट्रॅक्टरचालक, अंगणवाडी सेविका, ऊसतोड मुकादम, तिशीतली शिक्षिका असे सगळे बसतात.

आणि या सगळ्यांचे एक दुःख असते, ते रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. हळदीकुंकवाला सगळ्यांच्या हातावर तिळगूळ पडतो आणि हिच्यापुढे आले की ताट मागे जाते. "तुम्हाला चालत नाही ना?" बारशाला, साखरपुड्याला, दिवाळीच्या फराळाला हेच. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणाऱ्याला आपण पंगतीतून उठवले गेल्यासारखे वाटते. मग काही जण चोरून खातात. एक आजोबा मला म्हणाले होते, "डॉक्टर, साखरेनं मरायचं ते मरू, पण नातवाच्या वाढदिवसाला तोंड गोड नाही केलं तर जगायचं कशाला?" त्यांना भाषण देऊन उपयोग नव्हता. त्यांना एक छोटा लाडू हवा होता, जो सर्वांबरोबर बसून खाता येईल.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. कमी कर्बोदकांच्या गोड खाऊचा धंदा आपल्या जिल्ह्यातल्या बचत गटांनी जरूर करावा. त्याची गरज आहे. गिऱ्हाईक आहे. फक्त हा धंदा पापड-लोणच्यासारखा नाही. पापड बिघडला तर गिऱ्हाईक तोंड वाकडे करते. इथे लेबल चुकले तर आजींची साखर चढते.

एक किलो लाडवांचे गणित

त्या तिघींशी बोलून आम्ही एक मिश्रण ठरवले. भाजलेले शेंगदाणे ४०० ग्रॅम, तीळ २००, सुके खोबरे १५०, जवस १००, बिया काढलेला खजूर १०० आणि तूप ५० ग्रॅम. एकूण एक किलो. खजूर चिकटपणासाठी आणि जिभेला गोडाचा भास होण्यापुरता. वेलदोडा आणि जायफळ सढळ हाताने, कारण वासाने गोडी वाढल्यासारखी वाटते. लाडू लहान, २० ग्रॅमचा. मोठ्या सुपारीहून थोडा मोठा.

हिशोबाने अशा एका लाडवात साधारण ५ ग्रॅम कर्बोदके येतात. निम्मे दाणे आणि निम्मा गूळ असलेला तेवढाच नेहमीचा लाडू घेतला तर त्यात ११-१२ ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून कमी झाली. नाचणीच्या त्या ३५ ग्रॅमच्या लाडवाच्या मानाने तर पाव हिस्सा.

इथे थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती सांगायला विक्रेते विसरतात. साखर काढली म्हणजे जागा रिकामी राहत नाही. तिथे तेलबिया येतात. एक ग्रॅम कर्बोदकांतून ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्धांशातून ९. या २० ग्रॅमच्या लाडवात ११० च्या आसपास उष्मांक आहेत. दोन लाडू खाल्ले की एका भाकरीचे उष्मांक पोटात गेले! रक्तातली साखर फारशी वाढणार नाही, पण वजन वाढू शकते, आणि मधुमेही माणसाला वाढते वजन परवडत नाही. तेव्हा 'पोटभर खा' हे शब्द कोणत्याही लाडवाच्या लेबलवर शोभत नाहीत. दिवसाला एक. फार तर दोन, तेही जेवणातले काही कमी करून.

साखर नुसती गोड नसते

नव्याने या धंद्यात उतरणारे इथे हमखास फसतात. साखर किंवा गूळ पदार्थात तीन कामे करतो. गोडी देतो. पाकाने पदार्थ बांधून ठेवतो. आणि ओलावा आपल्याकडे ओढून धरतो, त्यामुळे बुरशीला आणि जंतूंना पाणी मिळत नाही. म्हणून आपली चिक्की आठवडेच्या आठवडे टिकते. साखर काढली की हे तिन्ही आधार एकदम जातात. लाडू भुगभुगीत होतो, आणि थोडा जरी ओलावा राहिला तरी बुरशी धरते.

यासाठी दाणे आणि तीळ मंद आचेवर आतपर्यंत भाजा. पूर्ण गार झाल्याशिवाय कुटू नका. लाडू वळताना पाण्याचा हात अजिबात लावू नका, तुपाचा लावा. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा डाग असलेला एकेक दाणा निवडून टाका. शेंगदाण्याच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृताला घातक असते आणि भाजण्याने पुरते जात नाही. जवस आणि तिळाचा कूट हवेत लवकर खवट होतो, म्हणून एका वेळी थोडेच करा, हवाबंद भरा, बनवल्याची तारीख घाला. किती दिवस टिकतो हे शेजारच्या पाकिटावरून उतरवू नका. आपलीच दहा-बारा पाकिटे बाजूला ठेवून, दर तीन-चार दिवसांनी एक उघडून पाहा. ज्या दिवशी वास बदलला त्याच्या पुष्कळ आधीची तारीख छापा.

बोलक्या बाईंनी विचारले, "मग बाजारातली ती साखरेशिवाय गोड करणारी पावडर घातली तर?" कृत्रिम गोडी देणारी काही द्रव्ये आणि स्टीव्हिया वनस्पतीपासून काढलेला गोड अर्क यांना आपल्या कायद्याने ठरावीक पदार्थांत, ठरावीक मात्रेत परवानगी आहे. मधुमेही व्यक्तीने ती क्वचित, थोडी वापरली तर आभाळ कोसळत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितले की वजन कमी राखण्यासाठी म्हणून या द्रव्यांवर विसंबू नये. हा सल्ला मधुमेह नसलेल्यांसाठी आहे, आणि घरात लाडवाचा डबा उघडला की पहिला हात नातवंडांचाच जातो, हे विसरू नका. शिवाय माल्टिटॉलसारखी काही द्रव्ये जास्त खाल्ली तर पोट फुगते, जुलाब होतात, आणि ती रक्तातली साखर थोडीफार वाढवतातही. लहान उद्योगाने शक्यतो यांच्या वाटेला जाऊ नये. गेलेच तर लेबलवर नाव स्पष्ट लिहावे. माझा कल दुसरीकडे आहे. जिभेचीच सवय थोडी कमी गोडाला वळवावी.

'शुगर फ्री' कशाला म्हणायचे?

हा शब्द आपल्या मर्जीचा नाही. खाद्यपदार्थांवरील दाव्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली नियम केले. त्याप्रमाणे 'साखरमुक्त' म्हणायचे तर १०० ग्रॅम पदार्थात सर्व प्रकारची मिळून साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. घन पदार्थाला 'कमी साखरेचा' म्हणायचे तर ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. आणि 'साखर घातलेली नाही' असे म्हणायचे तर पांढरी साखर टाळून भागत नाही. साखरेच्या जागी गोडीसाठी गूळ, मध, खजुराचा लगदा असे काही घातले तरी तो दावा करता येत नाही.

आता आमचा नवा लाडू या काट्यावर ठेवून पाहा. खजुरातून १०० ग्रॅममागे साधारण साडेसहा ग्रॅम साखर आली. दाण्यात आणि खोबऱ्यात निसर्गतःच थोडी असते. म्हणजे हा लाडू साखरमुक्त नाहीच, 'कमी साखरेचा' म्हणण्याइतकाही नाही. तरी तो नेहमीच्या लाडवापेक्षा पुष्कळ चांगला आहे! मग लिहायचे काय? जे आहे तेच. "शेंगदाणा-तीळ-जवस लाडू. खजूर घातला आहे. एक लाडू २० ग्रॅम. एका लाडवात कर्बोदके सुमारे ५ ग्रॅम, उष्मांक सुमारे ११०. शेंगदाणे, तीळ न चालणाऱ्यांनी खाऊ नये." हे आकडे आधी पुस्तकावरून काढावेत आणि विक्रीला उतरण्यापूर्वी एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावेत. प्रयोगशाळेचा आकडा वेगळा निघाला तर तो छापावा. अन्न सुरक्षा कायदा २००६ प्रमाणे नोंदणी तर घरगुती उद्योगालाही चुकत नाही.

आणखी एक ओळ मी त्यांच्याकडून मागून घेतली. "साखर अचानक कमी झाल्यास हा लाडू उपयोगाचा नाही." गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला कधी दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या वेळी खिशातला असा लाडू काढून खाल्ला तर तेलबियांमुळे तो पचायला वेळ लागतो आणि माणूस तोवर बेशुद्ध पडू शकतो. शुद्धीवर असेल तर त्याला लगेच १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे, साधी साखर पाण्यातून द्यावी. ज्या साखरेला वर्षभर दूर ठेवले तीच त्या क्षणी जीव वाचवते.

खरे लिहिले तर खपेल का?

हा प्रश्न तिसऱ्या बाईंनी विचारला, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. "डॉक्टर, शेजारच्या स्टॉलवर 'शुगर फ्री' लिहिलेलं असणार. आम्ही 'खजूर घातला आहे' लिहिलं तर आमच्याकडं कोण येईल?"

मला ही अडचण खोटी वाटत नाही. गटाने कर्ज काढलेले असते, घरातल्या माणसांचे टोमणे ऐकलेले असतात, आणि प्रदर्शनाचे दिवस चार असतात. मालही महाग पडतो. साखरेच्या भावाच्या तुलनेत शेंगदाण्याचा भाव सहज तिप्पट. तीळ, बदाम त्याहून वर. साखर हा लाडवातला सर्वांत स्वस्त जिन्नस असतो. तो काढला की किलोमागचा खर्च चढतोच. अशा वेळी लेबलवर दोन मोठे शब्द टाकायचा मोह होणारच.

तरीही माझे उत्तर असे, की या गिऱ्हाइकाच्या घरी आता साखर मोजायचे छोटे यंत्र आहे. बोटाला टोचून दोन मिनिटांत कळते. लाडू खाल्ल्यावर दोन तासांनी त्याने एकदा बोट टोचले की तुमच्या लेबलची परीक्षा होते. पापडाच्या गिऱ्हाइकाजवळ असे यंत्र नसते. ज्याला खोटे कळले तो परत येणार नाही, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून शेजाऱ्यालाही सांगेल. ज्याला खरे कळले तो महिन्याच्या महिन्याला पाकीट नेईल. मधुमेह जन्माचा असतो, त्यामुळे त्याचे गिऱ्हाईकही जन्माचे असते. चार दिवसांच्या प्रदर्शनाचा हिशोब त्याला लावू नये.

दुसरे, प्रत्येक लाडू सारखा हवा. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. त्या संस्थेची पुढे जी पद्धत बसली ती पाहण्यासारखी आहे. कणीक केंद्रावर एकत्र तिंबायची, बायकांनी ती घरी नेऊन पापड लाटायचे आणि परत आणून द्यायचे. हात हजारो, पण पीठ एक. लाडवालाही तेच लागू. मिश्रण एका ठिकाणी वजन करून बनवा आणि प्रत्येक लाडू काट्यावर घाला. एकीचा लाडू २० ग्रॅमचा आणि दुसरीचा ३० ग्रॅमचा झाला, तर लेबलवरचा आकडा खोटा पडलाच.

आकडेमोड बायकांना जमेल का, असे विचारणाऱ्यांना मी जामखेडकडे बोट दाखवतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केले, तेव्हा गावोगावच्या आरोग्य सेविकांमध्ये अनेक जणी निरक्षर होत्या. त्याच बायकांनी बालमृत्यू आणि कुपोषण खाली आणून दाखवले, आणि ते काम शिकायला देशोदेशीचे लोक आपल्या जिल्ह्यात आले. त्यांच्या लेकी-सुना २० ग्रॅम वजन आणि ५ ग्रॅम कर्बोदके सांभाळू शकणार नाहीत, हे मला पटत नाही.

मदतीची दारेही जवळच आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे प्रक्रिया उद्योगाबद्दल विचारावे. केंद्राच्या २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रसामग्रीच्या खर्चावर ३५ टक्के अनुदानाची तरतूद ठेवली गेली. सध्याची मुदत आणि अटी कृषी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचाराव्यात. पण पहिल्याच महिन्यात मोठे यंत्र घेऊ नका. एक तव्याची शेगडी, एक मिक्सर, एक बिनचूक वजनकाटा आणि हवाबंद पिशव्या यांवर पहिले शंभर गिऱ्हाईक होऊ द्या.

आणि आजींचे काय झाले?

आजींचे लाडू मी बंद केले नाहीत. दिवसाला चारऐवजी एक, आणि तोही नव्या मिश्रणाचा. भाकरी पुन्हा पूर्ण केली, कारण अर्धपोटी राहून त्या थकत होत्या. पंधरा दिवसांनी तपासले तेव्हा साखर उतरणीला लागली होती. एका आजींवरून शास्त्र सिद्ध होत नाही, गोळ्याही वाढवलेल्या होत्याच. पण आजी म्हणाल्या ते मला मोलाचे वाटते. "आता मला माहीत आहे मी काय खाते ते."

गेल्या आठवड्यात त्या तिघी नवे लेबल घेऊन आल्या. 'वरदान' गेले होते, 'पोटभर' गेले होते, माझ्या नावाची मोकळी जागाही गेली होती. तिथे वजन आणि आकडे आले होते. मी फक्त एक सुचवले, की आकड्यांची अक्षरे जरा मोठी करा, कारण वाचणारे डोळे साठीच्या पुढचे आहेत.

वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. येत्या सणाला कुठल्याही स्टॉलवर 'शुगर फ्री' लाडू दिसला तर तो हातात घ्या, पाकीट उलटे करा, आणि समोरच्या ताईंना नम्रपणे विचारा, "ताई, एका लाडवात कर्बोदके किती?" त्यांना सांगता आले तर दोन पाकिटे जास्त घ्या. सांगता आले नाही तर त्यांच्यावर रागावू नका. हा अंक त्यांच्या हातात द्या.